दादाला डाउन सिंड्रोम आहे, वय ५१, गेले काही महिने खूप बदललाय. डिमेन्शिया असू शकतो का?

धाकटी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहितेच. माझा मोठा भाऊ ५१ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम आहे. बाबा आधीच गेले, आई जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून दादा आमच्याकडे असतो, म्हणजे मी, नवरा आणि आमची मुलगी. दादा बोलतो कमी पण समजतं त्याला सगळं, अंघोळ, कपडे, जेवण स्वतःचं स्वतः करायचा, आणि घरातलं एक काम तर पूर्ण त्याचंच, वाळलेल्या कपड्यांतून मोजे शोधायचे, जोड्या लावायच्या आणि ज्याचे त्याच्या खणात ठेवायचे. आईकडे वर्षानुवर्षं हेच काम होतं, आमच्याकडे आल्यावर दुसऱ्याच दिवशी स्वतःहून सुरू केलं. त्याची जोडी चुकलेली मला आठवत नाही.

दोन आठवड्यांपूर्वी बघितलं तर एक निळा मोजा हातात धरून नुसता उभा. दुसरा निळा मोजा समोरच पडलेला, त्याच्याकडे बघतोय पण उचलत नाहीये. मी म्हटलं दादा तो बघ ना, तर मोजा माझ्या हातात दिला आणि जाऊन पलंगावर बसला. त्या दिवसापासून माझं लक्ष थाऱ्यावर नाही.

आता मागे वळून बघते तर सात-आठ महिने काहीतरी बिनसलंय. बाथरूमच्या दाराशी येऊन अडतो, आत पाऊलच टाकत नाही, ओढलं तर रागावतो. दिवसा झोपतो. रोज ज्या केंद्रात जायचा तिथे जायला नको म्हणतो, आणि हा माणूस एक दिवस सुट्टी असली तरी हिरमुसणारा. परवा माझ्या मुलीला ढकललं, आयुष्यात कधी कुणावर हात उचलला नव्हता त्याने. शर्टाची बटणं लावायला घेतो, दोन लावतो आणि थांबतो.

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले या लोकांचं असंच असतं, वय झालं की हट्टीपणा वाढतो. मी जरा जोर धरला तेव्हा एक स्मरणशक्तीची टेस्ट घेतली, आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा वगैरे. अहो, दादाला तारीख कधीच सांगता आली नाही, वजाबाकी तर त्याने जन्मात केली नाही, मग त्या टेस्टमधून काय कळणार? मला एवढंच विचारायचंय की हा डिमेन्शिया असू शकतो का, ५१ म्हणजे लवकर नाही का, आणि कुठून सुरुवात करू?

रातराणी

धाकटी ताई, वाचून घशात आवंढा आला. माझ्या मावसबहिणीला डाउन सिंड्रोम होता, शेवटची अकरा वर्षं मी तिच्याजवळ होते, त्यामुळे सांगते. ५१ हे लवकर नाही, डाउन सिंड्रोममध्ये हेच वय असतं सुरू होण्याचं. पण हात जोडून सांगते, आधी डिमेन्शियाचा शिक्का मारून घेऊ नका.

आमच्याकडे ती ४६ ची असताना असंच झालं होतं, गप्प झाली, एका जागी बसून राहायची, हाक मारली तरी वळायची नाही, सगळे म्हणाले झालं, सुरू झालं. एका शहाण्या डॉक्टरीणबाईंनी कान बघितले, दोन्ही कान मळाने गच्च भरलेले, यांच्या कानाच्या नळ्या अरुंद असतात म्हणून मळ साचतो, आणि ब्लड टेस्टमध्ये थायरॉइड पार खाली गेलेलं. कान साफ झाले, गोळी सुरू झाली, आणि तीन महिन्यांत आमची मुलगी परत आमच्यात आली हो. खरा डिमेन्शिया आला तो पुढे ५५ व्या वर्षी, मधली नऊ वर्षं आम्हाला मिळाली. त्या बाईंनी कानात डोकावलं नसतं तर ती नऊ वर्षं आम्ही तिला कोपऱ्यात बसवून ठेवलं असतं, हा विचार आला की अजून झोप लागत नाही मला.

तेव्हा थायरॉइड, बी१२, शुगर, कान, डोळे म्हणजे मोतीबिंदू, यांना तो लवकर होतो, आणि झोपेत श्वास अडकतो का ते, कारण दिवसा झोपतोय म्हणालात, रात्री घोरतो का, घोरता घोरता एकदम थांबून दचकतो का ते एक रात्र शेजारी बसून बघाच. लघवीचं इन्फेक्शन, बद्धकोष्ठता, दातदुखी, यातलं काहीही असलं तरी तो सांगणार नाही, चिडेल किंवा गप्प बसेल. चालू गोळ्यांची पूर्ण यादी न्या, अ‍ॅलर्जीच्या किंवा लघवीच्या काही गोळ्यांनीसुद्धा डोकं जड होतं. चालण्यात फरक पडला असेल तर मानेचा मणका बघायला सांगा, तिथले सांधे यांचे सैल असतात.

आणि ताई, आई गेली आहे त्याची. घर बदललंय. तो रडला का हो?

धाकटी

रडला नाही. अंत्यविधीला आम्ही त्याला नेलं नव्हतं, सगळे म्हणाले त्याला त्रास होईल. अजून विचारतो, आई कधी? एवढंच, दोन शब्द.

वीसवर्षं_निवासीशाळेत

मी विशेष शिक्षक, गेली वीस वर्षं प्रौढ बौद्धिक दिव्यांगांच्या निवासी घरात काम करतो. रातराणी ताईंनी लिहिलंय ते शंभर टक्के, त्यात माझी भर.

त्या टेस्टबद्दल तुम्हाला जे वाटलं ते बरोबर आहे. तारीख-वजाबाकीची टेस्ट ज्यांना हे आधी येत होतं त्यांच्यासाठी आहे. दादाची तुलना दुसऱ्या कुणाशी करायचीच नाही, ५१ वर्षांच्या इतर माणसांशी नाही, डाउन सिंड्रोमच्या दुसऱ्या माणसाशीही नाही, दादाची तुलना फक्त दादाशी. पाच वर्षांपूर्वीचा दादा काय करत होता आणि आजचा काय करतोय. ही माहिती डॉक्टरांकडे नसते, फाइलमध्ये नसते, ती तुमच्याकडे आहे. तो मोज्याचा किस्सा तुम्ही लिहिलात ना, निदानाच्या दृष्टीने त्या टेस्टच्या दहापट मोलाचा आहे तो. शब्दशः तसाच लिहून डॉक्टरांना द्या, तारखेसकट.

आमच्याकडे नियमच आहे की डाउन सिंड्रोम असेल तर पस्तिशीच्या आसपास, चाळिशीच्या आत नक्की, तो माणूस चांगला असतानाच त्याची बेसलाइन लिहून ठेवायची. बटणं लावतो का, किती वेळात, कुणाकुणाला नावाने ओळखतो, जिना कसा उतरतो, आणि वर्षातून एकदा तेच पुन्हा. व्हिडिओ सगळ्यात उत्तम. तुमच्याकडे बेसलाइन नाही म्हणून घाबरू नका, जुने घरगुती व्हिडिओ शोधा, वाढदिवस, सहल काहीही, त्यात मागे कुठेतरी दादा स्वतः बूट घालताना किंवा कुणाशी बोलताना दिसेल, तीच तुमची बेसलाइन. केंद्रातल्या जुन्या ताई-सरांनाही विचारा.

यासाठी खास तयार केलेले फॉर्म आहेत, एकाचं नाव एनटीजी-ईडीएसडी, दुसरा डीएसक्यूआयआयडी. यात प्रश्न त्या माणसाला विचारायचेच नसतात, त्याला रोज बघणाऱ्याने भरायचे असतात. फॉर्मवरून निदान होत नाही पण काय बदललं, कधीपासून, हे डॉक्टरांसमोर एका कागदावर येतं आणि मग हट्टीपणा म्हणून कुणी बोळवण करू शकत नाही.

आणखी एक, सर्वसाधारण म्हातारपणी आधी विसरणं दिसतं, डाउन सिंड्रोममध्ये पुष्कळदा आधी स्वभाव बदलतो. उत्साह जातो, हट्ट येतो, चिडचिड येते, कामाची पायरी कुठली पुढे ते सुचत नाही. घरचे म्हणतात आळशी झालाय, मुद्दाम करतोय. मुद्दाम नसतं हो ते.

बाथरूमबद्दल: दाराशी पायपुसणं कुठल्या रंगाचं आहे?

धाकटी

काळं आहे सर. गडद काळं. फरशी पांढरी.

वीसवर्षं_निवासीशाळेत

आजच उचला. डोळे आणि मेंदू यांचा मेळ बिघडला की गडद पायपुसणं जमिनीतल्या खड्ड्यासारखं दिसतं, तो हट्ट करत नाहीये, खड्ड्यात पाय टाकायला घाबरतोय. फरशीच्या जवळच्या रंगाचं ठेवा किंवा काहीच ठेवू नका, ओली चकचकीत फरशीसुद्धा पाण्यासारखी दिसते. संडासची सीट फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची असली तर सापडते. जेवणाचं ताट साध्या एका रंगाचं, नक्षी नको. आरशाला घाबरतो का बघा, आमच्याकडे एक काका आरशातल्या म्हाताऱ्यावर ओरडायचे, पडदा लावला, ओरडणं थांबलं. हे डिमेन्शिया नसला आणि नुसता मोतीबिंदू असला तरी उपयोगी पडतं.

मुक्तप्रवासी

राग मानू नका पण एवढ्या टेस्ट, फॉर्म, व्हिडिओ करून साध्य काय होणार? डिमेन्शिया निघाला तरी बरा होत नाही. त्याला शांत राहू द्या, प्रेम द्या, बस.

वीसवर्षं_निवासीशाळेत

प्रेम देतच आहेत त्या, म्हणून तर विचारतायत. पण वरच रातराणी ताईंची नऊ वर्षं वाचा. न तपासता नुसतं प्रेम केलं असतं तर ती नऊ वर्षं हातची गेली असती. आणि निदान झालं की घरच्यांचं वागणं बदलतं, मी डोळ्यांनी पाहिलंय. जोवर माणूस आळशी वाटतो तोवर त्याला रागावतात, केंद्रवाले काढून टाकायची भाषा करतात. आजार आहे कळलं की तेच लोक एक पायरी सोपी करून देतात.

मेंदूचा_डॉक्टर

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, बौद्धिक दिव्यांगांसोबत काम करतो. दादाला तपासल्याशिवाय निदान सांगणार नाही पण कारण सांगतो, कारण घरच्यांना कुणी ते नीट सांगतच नाही.

डाउन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, हे १९५९ मध्ये कळलं. अल्झायमरमध्ये, म्हणजे डिमेन्शियाच्या सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात, मेंदूत जो अमायलॉइड नावाचा चिकट गाळ साचतो तो ज्या प्रथिनापासून बनतो त्याचं जनुक नेमकं याच २१ व्या गुणसूत्रावर आहे. म्हणजे जन्मापासून त्या प्रथिनाचं उत्पादन दीडपट. चाळिशीपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत हे बदल झालेले असतात, लक्षणं सरासरी पन्नाशीच्या पहिल्या चार-पाच वर्षांत दिसायला लागतात, आणि पुरेसं आयुष्य मिळालं तर नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांना डिमेन्शिया होतो. पूर्वी हे दिसत नव्हतं कारण ही माणसं तेवढी जगतच नव्हती, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सरासरी आयुष्य २५ च्या आसपास होतं, आज अनेक देशांत साठीच्या घरात आहे. हृदयाची ऑपरेशन्स झाली, घरच्यांनी जपलं, म्हणून ही माणसं या वयाला पोचली. तेव्हा तुमच्या आईने काही कमी केलं म्हणून हे झालं असं मनात आलं असेल तर काढून टाका. डाउन नसलेल्या बौद्धिक अक्षमतेतही डिमेन्शियाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि थोडा लवकर येतो, पण डाउनइतकं ठाम नाही.

औषधांबद्दल खरं सांगतो. डिमेन्शियासाठी देतात त्या मेमँटिन गोळीचा चाळिशीपुढच्या डाउन सिंड्रोमच्या लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, फायदा दिसला नाही. डोनेपेझिल ही डिमेन्शियाचीच दुसरी गोळी काही जणांना देतो, थोडी मदत होते, पण नाडी मंद करते, म्हणून आधी ईसीजी. अमायलॉइड काढणारी ती नवीन इंजेक्शनं, लेकॅनेमॅब वगैरे, त्यांच्या मुख्य ट्रायलमध्ये डाउन सिंड्रोमवाल्यांना घेतलंच नव्हतं, आणि यांच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्यांतही अमायलॉइड जास्त असतं त्यामुळे रक्तस्रावाची भीती आहे. कुणी झटपट द्यायला निघालं तर हात आखडता घ्या. झोपेच्या किंवा शांत करण्याच्या गोळ्यांनाही घाई नको, ढकलण्यामागे दुखणं आहे का ते आधी शोधायचं.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, पहाटे किंवा उठल्या उठल्या हातांना झटके, हातातलं भांडं उडणं. डाउन सिंड्रोममध्ये डिमेन्शियाबरोबर फिट्स खूप दिसतात आणि सुरुवात अशी बारीक झटक्यांनी होते, घरच्यांना वाटतं दचकला. दिसलं तर फोनवर व्हिडिओ घ्या, त्यावर औषध चांगलं लागू पडतं. दोन, बदल महिन्यांत झाला तर वेगळं आणि दोन दिवसांत झाला तर वेगळं. एकदम गोंधळला, गुंगीत गेला तर ते इन्फेक्शन किंवा तसलं काही समजायचं आणि त्याच दिवशी दाखवायचं.

धाकटी

सगळ्यांचे किती आभार मानू. पायपुसणं उचललं. पहिल्या दिवशी दाराशी थांबला, खाली बघितलं, मग गेला आत. मी तिथेच भिंतीला टेकून रडले.

एकच विचारते, 'आई कधी?' म्हटला की काय सांगू? आम्ही म्हणतो गावाला गेलीय. आणि त्याला त्याच्या आजाराबद्दल काही सांगायचं का?

रातराणी

ताई, गावाला गेली म्हणू नका, तो वाट बघत बसतो मग. दादाला अजून समजतंय, तेव्हा एकदा तरी खरं सांगा, साध्या शब्दांत, आई खूप आजारी होती, आई गेली, आता परत येणार नाही, मला पण तिची आठवण येते. तिची एखादी वस्तू हातात द्या, फोटो घेऊन बसा. रडू द्या, राहिलंय ते त्याचं रडणं. त्याच्या वाट्याचं दुःख आपण त्याला वाचवतो म्हणून काढून घेतो, आणि ते मग असं कुठूनतरी बाहेर येतं, नुसत्या दुःखानेसुद्धा माणूस असा मिटून जातो.

पण पुढे जर खरंच डिमेन्शिया वाढला आणि तो पुन्हा पुन्हा विचारायला लागला तर दर वेळी आई गेली सांगायचं नाही. दर वेळी त्याला ती बातमी नवी असते. तेव्हा म्हणायचं आईची आठवण आली का रे, काय करायची आई सांग बघू, आणि त्या आठवणीत त्याच्यासोबत बसायचं. माझी बहीण शेवटी मला आई म्हणायची, मी ओ द्यायचे.

आजाराबद्दल पण सांगा, नाव नको, त्याला स्वतःला जाणवत असतं की जमत नाहीये. दादा, मोजे अवघड जातायत ना, डोकं थकतंय, मी आहे, आपण मिळून करू. आणि तुमच्या मुलीलासुद्धा सांगा हो, ढकललं ते मामा वाईट झाला म्हणून नाही.

काठावर

उशिरा वाचलं. माझ्या काकाला बौद्धिक अक्षमता होती, डाउन नव्हे, ६० नंतर डिमेन्शिया झाला. पुढचं थोडं सांगतो कारण आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

जेवताना ठसका लागायला लागला की हसण्यावारी नेऊ नका. गिळणं बिघडतं, अन्न श्वासनलिकेत जातं, त्यातून न्यूमोनिया होतो, आणि याच्यातच बरीच माणसं जातात. गिळण्याचे तज्ज्ञ असतात, स्पीच थेरपिस्ट, त्यांना दाखवा. ताठ बसवून, छोटा घास, टीव्ही बंद, आधीचा गिळला का बघून पुढचा, घाई नाही.

दुखतंय हे काका कधीच बोलला नाही, उजवा कान चोळायचा. घरात फक्त माझ्या आईला माहीत होतं की कान चोळतो म्हणजे पोट दुखतंय. ती नसताना एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं, तिथे दोन दिवस कानाचे ड्रॉप्स घातले त्याला. म्हणून म्हणतो एका कागदावर लिहून ठेवा: दुखलं की काय करतो, घाबरला की काय करतो, पाणी कसं पितो, कशाने शांत होतो. तो कागद दादाबरोबर सगळीकडे जाऊ द्या.

आणि जमेल तोवर जागा बदलू नका. आम्ही सोय म्हणून खोली बदलली, त्या आठवड्यात त्याचं उठून संडासला जाणं बंद झालं ते परत आलं नाही. ताई तुम्ही एकट्या किती ओढणार, आताच दोन जणांना दादाचं सगळं शिकवून ठेवा, तुम्ही आजारी पडायची वाट बघू नका.

धाकटी

दोन महिन्यांनी लिहितेय. वरचं सगळं प्रिंट काढून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, त्यांनी सगळं वाचलं, मग दादाशी बोलल्या, माझ्याशी नंतर. थायरॉइड कमी निघालं, गोळी सुरू आहे. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, ऑपरेशन ठरतंय. कानात मळ होताच. झोपेची टेस्ट केली, श्वास अडकतो, मास्क दिलाय, तो सवयीचा व्हायला वेळ लागतोय, अर्ध्या रात्री काढून टाकतो.

दिवसा झोपणं कमी झालंय. केंद्रात आठवड्यातून तीन दिवस जातो. ढकलणं परत झालं नाही. आईचं सांगितलं. फोटो घेऊन बसला, खूप रडला, मग तीन दिवस तो फोटो उशीखाली, आता माझ्या मुलीने त्याच्या खोलीत लावून दिलाय. 'आई कधी' विचारत नाही, फोटोकडे बोट दाखवून 'आई' म्हणतो.

पण मोजे नाही जमत. एक जुना व्हिडिओ सापडला, सहा वर्षांपूर्वीचा, मुलीच्या वाढदिवसाचा, मागे दादा बसलाय आणि भराभर जोड्या लावतोय, बघतसुद्धा नाहीये नीट. डॉक्टरांनी तो तीनदा बघितला. त्या म्हणाल्या थायरॉइड आणि झोप पूर्ण सुधारल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म भरू, तरीही खाली गेलेलं दिसलं तर डिमेन्शियाची सुरुवात धरून चालू. मला वाटतं मला उत्तर माहीत आहे, पण थांबते.

तोवर मोज्यांचं असं केलंय, सगळा ढीग समोर टाकायचा नाही, दोनच जोड्या, चार मोजे, वेगवेगळ्या रंगांचे. त्या जमतात त्याला. लावून झाल्या की खणापर्यंत तोच नेतो, मी खणावर ज्याचा त्याचा फोटो चिकटवलाय.

डॉक्टर, काल सकाळी पाणी पिताना त्याचा हात दोनदा उडाला, पेला पडला. तुम्ही लिहिलं होतं म्हणून लक्षात आलं. व्हिडिओ नाही मिळाला, आज पहाटेपासून फोन उशाशी घेऊन बसलेय, सोमवारची वेळ घेतलीय. तोवर काही करू का?

मेंदूचा_डॉक्टर

हो. सोमवारपर्यंत एकट्याला अंघोळीला किंवा जिन्यावर सोडू नका, सकाळचं पाणी-दूध पूर्ण जाग आल्यावर आणि बसवूनच द्या. झटके किती वाजता, किती वेळा, एका हाताला की दोन्ही, लिहून ठेवा, व्हिडिओ नसला तरी तेवढं पुरतं. पूर्ण फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांहून जास्त चालली तर थेट इमर्जन्सी. डोनेपेझिल वगैरे सुरू करायचं कुणी म्हटलं तर आधी या झटक्यांबद्दल सांगा. सोमवारी काय म्हणाले ते इथे लिहा.